मोहरीएवढा भुंगेरा आणि नवी प्रजाती

आमच्या शाळेच्या परसबागेत हिवाळ्यात मुळा लावतात. गेल्या जानेवारीत त्याच्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोके पडली होती. पान हलवले की मोहरीएवढे काळे भुंगेरे टुणकन उडी मारून नाहीसे व्हायचे. मी चार पकडले, बाटलीत घातले आणि जीवशास्त्राच्या सरांना म्हणालो, "सर, नवी प्रजाती!" सर हसले नाहीत. म्हणाले, "नवी म्हणतोस, तर कोणापासून वेगळी ते आधी सांग." ते मला सांगता येईना. म्हणून वाचायला लागलो.

हे पिसू-भुंगेरे. पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या कुलातले. त्यांच्या मागच्या मांड्या फुगीर असतात आणि आत एक कडक स्प्रिंग असते. स्नायू ती ताणून धरतात. सुटली की भुंगेरा गलोलीतल्या खड्यासारखा फेकला जातो. या स्प्रिंगला 'मौलिकचा अवयव' म्हणतात. समरेंद्र मौलिक हे आपले भारतीय कीटकशास्त्रज्ञ; लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांनी काम केले आणि १९२९ मध्ये या मांडीच्या रचनेवर लिहिले. हे वाचून मला फार बरे वाटले.

आता प्रजातीकडे. जाती म्हणजे स्पीशीज आणि जवळच्या नात्यातल्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, अर्थात जीनस. २००६ मध्ये कॉन्स्टँटिनोव्ह आणि चामोरो-लाकायो या दोन शास्त्रज्ञांनी कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातून पिसू-भुंगेऱ्यांची नवी प्रजाती जाहीर केली: किस्केया. हे त्या बेटाचे जुने नाव. तिच्यातल्या दोन जातींना नेयबा आणि बाओरुको या तिथल्या डोंगररांगांची नावे दिली. हे भुंगेरे मॉसमध्ये राहतात, म्हणजे ओल्या दगडांवर आणि खोडांवर चढणाऱ्या हिरव्या मखमली थरात. असे कीटक हाताने वेचणे कठीण. मॉस चाळून फनेलमध्ये ठेवतात, वर दिवा लावतात. ऊब आणि कोरडेपणा टाळत कीटक खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात.

खरी अडचण पुढे आहे. मॉसमध्ये राहणारे पिसू-भुंगेरे हिमालयातही आहेत, बेनेडिक्टस नावाच्या प्रजातीचे. तेही असेच इवलेसे आणि गोलसर. मॉसमधल्या अशा अनेक भुंगेऱ्यांना उडायचे पंखच राहिलेले नाहीत. मग ही सगळी एकाच घराण्यातली, की एकसारख्या जागी राहून एकसारखी झालेली?

पालकभेटीच्या दिवशी आईने मागून दुसऱ्याच कॅडेटला माझ्या नावाने हाक मारली होती. तोच गणवेश, तोच क्रू कट, तीच चाल. आम्ही भाऊ नाही, एका हाउसमध्ये राहतो एवढेच. जवळ आल्यावर माझ्या कानामागचा व्रण पाहून तिची खात्री पटली.

शास्त्रज्ञही असाच लपलेला व्रण शोधतात. गोल आकार किंवा पंख नसणे यावर ते एकट्याने भिस्त ठेवत नाहीत, कारण ते राहणीमुळेही येऊ शकते. भुंगेरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून उघडतात आणि प्रजनन अवयवांचे कडक भाग, छातीच्या आतला सांगाडा, मिशांचे एकेक पेर पाहतात. मग आधीच्या सगळ्या जवळच्या प्रजातींशी ताडून पाहतात. वेळ जातो तो इथे. तरीही शेवटी 'ही फक्त नवी जाती की नवी प्रजाती' हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो आणि पुढे कोणी तो बदलूही शकतो.

नियम मात्र पक्के आहेत. नव्या प्रजातीला वर्णन हवे, तिची एक नमुना-जाती ठरवायला हवी, आणि ते नाव कोणत्याही दुसऱ्या प्राणी-प्रजातीला आधी दिलेले नको. जातीचे नाव ज्या एका नमुन्यावर टेकलेले असते, तो संग्रहालयात जपून ठेवतात, म्हणजे पन्नास वर्षांनी शंका आली तरी काढून पाहता येतो.

माझे मुळ्यावरचे चार भुंगेरे सरांनी भिंगाखाली पाहिले. फायलोट्रेटा. ही प्रजाती एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. जाती कोणती ते बाहेरून ठरेना. येत्या रविवारी एक उघडून पाहायची परवानगी मिळाली आहे. चार आहेत, म्हणजे हात थरथरला तरी तीन उरतील.