एकटी आई, शाळा आणि गाव

घरात आई आणि बाप दोघे असले, म्हणजे काम वाटून घेता येते. एकाने लेकरू घेतले, तर दुसऱ्याने पाणी भरावे. पण काही घरांत एकटीच आई असते. कोणाचा नवरा वारतो. कोणाला नवरा टाकून देतो. कोणाचे पटत नाही. काही घरांत बायको वारते आणि बाप एकटा उरतो. मग कमावणे आणि लेकरे वाढवणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर पडतात.

अशी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका असली, की लोक म्हणतात, "मॅडमले काय कमी हाय? महिन्याला पगार, उन्हाळ्यात सुट्टी!" हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. पगारातून लेकराचे दूध येते. पण पगार लेकराला मांडीवर घेत नाही.

हिशेब करून पाहू

बाळंतपणाची रजा १८० दिवसांची असते. म्हणजे बाळ सहा महिन्यांचे झाले, की आईला शाळेत हजर व्हावे लागते. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचे व्हावे लागते. मधली अडीच वर्षे राहिली. त्या अडीच वर्षांत, शाळेच्या वेळेत, बाळ कोणी सांभाळायचे? घरी सासू किंवा आई असली तर निभते. नसली तर शेजार पाहावा लागतो. एकट्या आईची खरी अडचण इथे आहे.

हीच अडचण मजूर बाईचीही आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी आली, की आई शेतात जाते. धाकटे लेकरू मोठ्या बहिणीच्या कडेवर येते. त्या मुलीची शाळा बुडते. मॅडमच्या घरचे दुःख आणि मजुराच्या घरचे दुःख एकाच जातीचे आहे.

ताराबाईंनी काढलेली वाट

या दुःखावर एका बाईने फार विचार केला. तिचे नाव ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ सालचा. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी इतके शिकलेल्या बाया थोड्याच होत्या. लग्न होऊन त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला आल्या. नवरा वकील होता. पण संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे वेगळे झाले. पदरी एक लहान मुलगी होती.

ताराबाई रडत बसल्या नाहीत. मुलीला वाढवायचे आणि नोकरीही करायची, असे त्यांनी ठरवले. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्यांनी काम केले. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. लहान मुलांना मारून, घोकून घेऊन शिकवू नये, खेळातून शिकवावे, हे गिजुभाईंचे म्हणणे ताराबाईंना पटले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. त्याच्या कामात ताराबाईंनी आयुष्य घातले.

१९४५ साली त्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. अनुताई बालविधवा होत्या आणि पूर्वी प्राथमिक शिक्षिका होत्या. पुढे दोघींनी जवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. तिथे त्यांनी पाहिले, की मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असते. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि मोठ्याने वर्गात बसावे. किती साधी युक्ती!

जी मुले बालवाडीत येईनात, त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. तीच अंगणवाडी. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या वारल्या. १९७५ साली सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या. आपल्या गावच्या अंगणवाडीच्या नावामागे ही गोष्ट आहे.

आजचे नियम

आज काही आधार सरकारनेही दिला आहे. २०१८ साली बालसंगोपन रजेचा निर्णय झाला. शिक्षिकेला साऱ्या नोकरीत मिळून १८० दिवसांची ही रजा मिळते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते. बायको वारलेल्या शिक्षकालाही मिळते. जिल्हा परिषदेच्या बदल्यांत विधवा आणि टाकलेल्या शिक्षिकांचा वेगळा विचार होतो.

नोकरी नसलेल्या गरजू एकट्या आईसाठी बालसंगोपन योजना आहे. तीत मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. आता आपल्याला वाचता येते. अर्ज स्वतः वाचून मगच सही करावी.

आम्ही काय पाहिले

आम्ही बरीच वर्षे शाळेत काढली. एकट्याने लेकरे वाढवणाऱ्या शिक्षिका आम्ही जवळून पाहिल्या. ज्यांचे निभले, त्यांच्या काही गोष्टी सारख्या होत्या.

त्या रात्रीच दुसऱ्या दिवसाची तयारी करून ठेवत. घरची लहान कामे मुलांना वाटून देत. मुलगा असला तरी तो ताट धुई, केर काढी. आपलेच मूल आपल्या वर्गात असले, तर त्याला वेगळी माया नाही आणि वेगळा मारही नाही. शाळेचा राग घरी नेत नसत. झोपताना थोडा वेळ फक्त मुलांचा ठेवत. आणि मदत मागायला लाजत नसत.

जिथे निभले नाही, तिथे दोष बहुधा बाईचा नव्हता. गावाने साथ दिली नव्हती. बाई कोणाशी बोलली, उशिरा का आली, याचीच चर्चा गाव करत होते. अशा गावात बाई टिकत नाही. ती बदली मागते. नुकसान गावाच्या पोरांचे होते.

दुसऱ्या एका गावात एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, लेकरू माह्यापाशी राहू द्या. तुम्ही आमचे पोट्टे शिकवा." तिने पैसे घेतले नाहीत. तिचा नातू त्याच शाळेत होता. आमच्या मते तिने गावाचे कल्याण केले.

जी बाई आपल्या लेकरांना शिकवते, तिच्या लेकराकडे आपण पाहावे. यात उपकार नाही. ही फेड आहे.

विचार करा आणि सांगा

१. बाळंतपणाची रजा संपल्यावर आणि अंगणवाडीच्या आधी, मूल किती वर्षे घरी असते?

२. विकासवाडीत कोणत्या तीन गोष्टी एकत्र होत्या?

३. आपल्या गावात एकट्या आया किती आहेत? सोंगणीच्या दिवसांत त्यांची लेकरे कोण सांभाळते? चार घरे मिळून काय करता येईल, ते वर्गात बोला आणि पाच ओळींत लिहा.