क्लास न लावता नीट: पैसे कुठे घालावेत

‘मुलगी घरीच अभ्यास करते, क्लास लावला नाही. मेडिकलच्या फॉर्ममध्ये हे कुठे लिहायचं?’ चाकणच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या एका वडिलांनी मला विचारलं. कुठेच नाही. नीटच्या अर्जात त्याला रकानाच नाही. निबंध नाही, शिफारसपत्र नाही. 180 प्रश्न, तीन तास, 720 गुण. स्वतः केलेला अभ्यास दिसतो तो फक्त गुणांत. क्लासचे दोन वर्षांचे दोन-तीन लाख वाचवणाऱ्या घराने त्यातले थोडे कुठे घालायचे, ते म्हणून आधीच ठरवून ठेवावं.

पुस्तकांवर फार जात नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, बालभारतीचीही मिळतात. जीवशास्त्राची दोन मात्र छापीलच घ्या. निम्मे प्रश्न त्यातून येतात आणि ती पुस्तकं पेन्सिल हातात धरून ओळ न् ओळ वाचायची असतात. जुन्या गाईडांसाठी पीसीएमसी स्थानकावरून मेट्रोने कसबा पेठेला उतरा आणि चालत अप्पा बळवंत चौक गाठा. 2024च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातून काही धडे गळले आहेत, तेव्हा त्याआधीचं गाईड स्वस्त मिळालं तरी नवी यादी शेजारी ठेवून तपासा.

शिकवणीचे व्हिडिओही विकत घ्यायची गरज नाही. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचं ‘साथी’ पोर्टल मोफत आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ‘महाज्योती’ ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटाही. त्याची जाहिरात दहावीच्या निकालाच्या सुमारास पाहायची. अकरावी अर्धी झाल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

पैसे घाला ते चाचण्यांवर. ऑनलाइन टेस्ट सिरीज दोन-चार हजारांत मिळते, केंद्रावर बसून द्यायची पाच ते पंधरा हजारांत. मी दुसरी घ्यायला सांगेन, कारण नीट कागदावर होते आणि गोल काळे करायलाही वेळ लागतो. ते जमत नसेल तर मागच्या वर्षांचे पेपर आणि कोऱ्या ओएमआर शीट झेरॉक्स करून आणा. माझी पुतणी रविवारी दुपारी दोनला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची आणि पाचला उठायची, कारण खरी परीक्षाही दोन ते पाचच असते. मोबाइल तिच्या आईच्या पदराला. पेपर तपासला की साठ रुपयांच्या रजिस्टरमध्ये चुका उतरवायच्या: प्रश्न, काय लिहिलं, का चुकलं. दोन महिन्यांनी ती वही मी चाळली. एकाच पानावर पाच वेळा ‘प्रश्नातलं नाही वाचलंच नाही’ असं लिहिलेलं. धडा येत होता, डोळे पुढे पळत होते. चुकीचं उत्तर एक गुण कापतं, बरोबरचे चार जातात ते वेगळेच. त्यानंतर ती प्रश्नातल्या ‘नाही’भोवती आधी गोल काढू लागली. हे क्लासमध्ये दोनशे मुलांत तिला कोण दाखवणार होतं?

भोसरी-चिखलीकडे एका खोलीत चारपाच जण राहत असतील, तर अभ्यासिकेला महिना हजाराच्या आसपास लागतात. हा खर्च टाळू नका.

स्वतःहून काय वाचलं, काय करून पाहिलं, हे तोंडाने सांगायची संधी आपल्या जवळ एकाच ठिकाणी आहे: वानवडीचं एएफएमसी. नीटच्या गुणांवर बोलावणं आलं की तिथे इंग्रजी आणि तर्कशक्तीची वेगळी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते. तिथे ती चुकांची वही कामाला येईल.

आता प्रवेशाचा खर्च. 2025ला अर्जाचं शुल्क खुल्या गटाला 1,700, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1,600, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 1,000 रुपये होतं. निकालानंतर अखिल भारतीय 15 टक्के जागांच्या फेरीला खुल्या गटाकडून हजार रुपये नोंदणी आणि दहा हजार अनामत घेतात. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र पाच हजार नोंदणी आणि दोन लाख अनामत. दुसऱ्या फेरीत नवी जागा मिळून ती घेतली नाही तर अनामत बुडते, म्हणून पसंतीक्रमात उगाच नावं भरू नका. पिंपरीतलं डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अभिमत आहे. घराजवळ आहे म्हणून ते यादीत टाकण्याआधी वर्षाची पंचवीस लाखांवरची फी डोळ्यांसमोर आणा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर जुलै 2024पासून जी शंभर टक्के फीमाफी आहे, ती खाजगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही.

दाखल्यांचं काम बारावीच्या दिवाळीतच सुरू करा. चाकणकरांना राजगुरुनगरचं तहसील. नॉन-क्रिमीलेअरचा केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा, दोन्ही काढा. एजंट हजार-दीड हजार मागतात, ‘आपले सरकार’वर तेच काम फार थोड्या शुल्कात होतं.

त्या वडिलांना मी शेवटी विचारलं, मुलीची दहावी कुठे झाली? ‘बिदरला, तिच्या मामाकडे.’ राज्याच्या कोट्यातल्या 85 टक्के सरकारी जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. सूट आहे ती मुख्यतः काही सरकारी नोकरदारांच्या मुलांना. तिच्यासाठी आता देशपातळीवरच्या जागांचा कटऑफ धरून चालावं लागेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. धाकटा आठवीत आहे, तोही बिदरलाच. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला जूनपूर्वी चाकणला आणायचं त्यांनी तिथेच ठरवलं आणि मामाला फोन लावला.