हृदयाच्या गोळ्यांचा त्रास होतो, मग काय करावे?

मे महिन्यातली गोष्ट. परभणीचा उन्हाळा कसा असतो, ते वाचकांना सांगायला नको. जिंतूर तालुक्यातील साठीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. आठ दिवसांपासून अन्नावर वासना नाही, मळमळ, मधूनच उलटी. "डॉक्टरसाहेब, उष्णता झाली असेल," त्या म्हणाल्या आणि मलाही ते पटले. आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन मी त्यांना घरी पाठवले. दोन दिवसांनी मुलगा त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आला, तेव्हा नाडी मिनिटाला अवघी ४२ होती. आता औषधांची पिशवी रिकामी करायला लावली. तीत डिगॉक्सिन आणि लघवी वाढविणारी गोळी निघाली. ती पिशवी मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. मोठ्या रुग्णालयात तातडीने हलविल्यामुळे बाई वाचल्या.

लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या, वयोमानाने ठोके अनियमित झालेल्या अनेकांना अशी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यांचे त्रास माहीत असलेले बरे.

डिगॉक्सिन : याचे मूळ फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीत आहे. इंग्लंडच्या डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्येच तिचे गुण आणि विषारीपणा दोन्ही लिहून ठेवले. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडे. उन्हाने, जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडावाटे औषध बाहेर पडणे मंदावते. भूक मरणे, मळमळ, पिवळसर दिसणे, नाडी मंदावणे ही धोक्याची लक्षणे.

अमिओडॅरोन : २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडिन असते. त्यामुळे थायरॉइडचे काम वाढते किंवा मंदावते. थायरॉइड व यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करावी. नवा कोरडा खोकला किंवा दम लागल्यास लगेच दाखवावे. फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. कातडी उन्हाने पोळते, म्हणून शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्याला रुमाल हवाच.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल : थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असल्यास आधी सांगावे. मधुमेहींमध्ये साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळ्यांनी झाकली जाते. घाम मात्र सुटतो. ती खूण ओळखावी.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१) त्रास झाला म्हणून गोळी मनाने कायमची सोडू नका. ठोके पुन्हा बिघडतात, आणि अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

२) रोज सकाळी पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ती ५० च्या खाली गेली किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. भोवळ येऊन पडल्यास थेट रुग्णालय गाठा.

३) सर्दी-तापासाठी गेलात तरी सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती त्यांच्या टेबलावर ठेवा.