आधी रक्ताची तपासणी, मग स्कॅन

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात पाठदुखीचं कारण ठरलेलं असतं: वय झालं, शेतात वाकून काम केलं, मणक्यात गॅप आला. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण उतारवयात पाठ किंवा बरगड्या महिनाभर गोळ्या खाऊनही दुखत राहिल्या, जोडीला थकवा, कमी हिमोग्लोबिन किंवा वाढलेलं क्रिएटिनिन असेल, तर मल्टिपल मायलोमाची शंका घ्यायलाच हवी. या रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी बेसुमार वाढतात आणि हाड आतून पोखरतात. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हा दिलासा इथे फसवा असतो, कारण हाडातलं किमान 30 टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत पोकळी दिसत नाही. संपूर्ण शरीराच्या एमआरआयमध्ये मज्जेतला बदल त्याआधीच दिसतो, तोही क्ष-किरणांशिवाय. मायलोमाच्या पेशी सिद्ध झालेल्या रुग्णाच्या एमआरआयवर 5 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, एकाहून अधिक डाग असतील, तर त्रासाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असं 2014चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

मग प्रत्येकानेच हा स्कॅन करावा का? माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. निरोगी शरीरातही निरुपद्रवी गाठी आणि डाग सापडतात, मग सुया टोचणं, शस्त्रक्रिया आणि घोर मागे लागतो. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीची लाट आली, 2011 पर्यंत त्या कर्करोगाचं निदान 1993च्या पंधरापट झालं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय ल्युकेमिया या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगाचा माग स्कॅनपेक्षा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताच्या स्मिअरमध्ये लागतो.

‘परभणी, नांदेड, संभाजीनगरच्या खेपा कशा परवडणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी सीबीसी, क्रिएटिनिन, कॅल्शियम करा. शंका वाढली तर रक्तातली असामान्य प्रथिनं शोधणाऱ्या सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या चाचण्या करा. त्यांचे नमुने गावातून पाठवता येतात. त्यात दोष निघाला तर मात्र साध्या एक्स-रेवर थांबू नका. संपूर्ण शरीराचा एमआरआय, पेट-सीटी किंवा कमी मात्रेचा सीटी यांपैकी काय योग्य, हे रक्तरोगतज्ज्ञांना विचारा. पेसमेकर असेल तर एमआरआयआधी सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, याची रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. तोवर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, मायलोमात त्यांतल्या अनेक गोळ्या किडनीवर घाव घालू शकतात. पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.