पर्वतावरील पाऊस

पर्वतप्रदेशात हिवाळ्याचे दिवस असावेत, सतत हिमवर्षाव व्हावा, थंडीने हातपाय गारठून जावेत आणि मग एकाएकी वाऱ्यात ऊब येऊन हिमाऐवजी पाऊस पडू लागावा! नवख्या प्रवाशास वाटेल, ‘संकट टळले!’ परंतु पर्वतात जन्म काढलेला मनुष्य अशा वेळी अधिकच सावध होतो. असे का, हे पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड नावाची पर्वतराजी आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे तिला अडतात; म्हणून हिवाळ्यात तेथे विपुल हिम पडते. या पर्वतातील एका लांब बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी वेलिंग्टन नावाचे लहानसे स्टेशन होते. १९१० च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस एक उतारूंची व एक टपालाची अशा दोन आगगाड्या तेथे अडकून पडल्या. लोहमार्ग हिमाखाली गडप झाला. हिम दूर सारणारी यंत्रे निकामी ठरली. तारायंत्राच्या तारा तुटल्या.

डोक्यावरचा उभा उतार पाहून काही उतारूंनी विनंती केली, की गाड्या बोगद्यात न्याव्यात. पण बोगद्यात धूर कोंडेल, गारठा असह्य होईल, असे अधिकाऱ्यांना वाटले. शिवाय त्या जागी पूर्वी कधी हिम कोसळल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. गाड्या जागच्या जागीच राहिल्या. थोडे लोक मात्र जीव मुठीत धरून हिम तुडवीत पायी खाली उतरले. ते वाचले.

मग हवा बदलली. हिम थांबले आणि पाऊस सुरू झाला. रात्री विजा कडाडू लागल्या. १ मार्च रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, बहुतेक लोक झोपेत असताना उतारावरील हिमाचा प्रचंड थर सुटला आणि दोन्ही गाड्यांना घेऊन सुमारे १५० फूट खोल दरीत कोसळला. ९६ माणसे मृत्युमुखी पडली.

पावसाने असे काय केले? उतारावरचे हिम म्हणजे एकावर एक रचलेल्या रजयाच होत. प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा. कोणता घट्ट, तर कोणता भुसभुशीत. कोरडी रजई हलकी असते. तीच भिजली की उचलवत नाही. त्याप्रमाणे पावसाने वरचा थर जड होतो. त्याच वेळी पाणी आत झिरपते आणि हिमकणांना धरून ठेवणारे बंध सैल करते. भार वाढतो आणि आधार सुटतो. मग थराला तडा जातो व तो वेगाने खाली धावतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. दाट वृक्ष असले तर ते हिमाला धरून ठेवतात. परंतु वेलिंग्टनच्या वरील वृक्ष पूर्वीच वणव्यांत जळून गेले होते.

या दुर्घटनेनंतर लोहमार्गावर काँक्रीटची भक्कम छपरे बांधण्यात आली. पुढे १९२९ साली खालच्या बाजूने सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खुला झाला आणि तो जुना मार्ग कायमचा सोडून देण्यात आला.

आपल्या हिमालयातही हिमस्खलनाचे भय आहेच. त्याचा अभ्यास करण्यासाठी १९६९ साली मनाली येथे एक संशोधन संस्था स्थापन झाली. आता तर सैनिकांना व ग्रामस्थांना धोक्याची सूचना आगाऊ दिली जाते. पण सूचना मिळाली, तरी ती मानावयास हवी. कालपर्यंत संकट आले नाही म्हणून आजही ते येणार नाही, असे पर्वताने कोणास वचन दिलेले नसते.

स्वाध्याय

१. हिमावर पाऊस पडला असता कोणते दोन परिणाम होतात?
२. अधिकाऱ्यांनी गाड्या बोगद्यात का नेल्या नाहीत? त्यांचे कोठे चुकले, असे तुम्हांस वाटते?
३. ‘जीव मुठीत धरणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.