नाव न सांगता माहिती मागता येते का?

मागच्या सुट्टीनंतर आमच्या रूमवरचा एक जण गावाहून जरा गप्प गप्पच परत आला. गावातल्या सिमेंट नालीवर किती खर्च झाला, एवढंच त्याला ग्रामपंचायतीला विचारायचं होतं. नाली पहिल्याच पावसात फुटली. पण वडील म्हणाले, "कायले गावाशी वैर घेतं बापू?" मेसमध्ये त्याने प्रश्न टाकला, नाव न देता नेटवरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो का?

सरळ उत्तर, नाही. 2005 च्या अधिनियमाचे कलम 3 हा हक्क नागरिकाला देते, म्हणून अर्जाखाली नाव लागते. सगळीकडे असे नाही. स्वीडनमध्ये हा कायदा 1766 पासून आहे आणि तिथे कागद मागणाऱ्याला "तू कोण?" असं विचारायचीच साधारणपणे मनाई आहे.

आपल्या कायद्यात मात्र कलम 6(2) फार कामाचे आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही, आणि संपर्कापुरता लागेल त्यापलीकडे काहीही तपशील मागता येत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने 20 नोव्हेंबर 2013 ला सांगितले की अर्जदाराने पोस्ट बॉक्स क्रमांक दिला असेल तर घरच्या पत्त्याचा आग्रह धरू नये. केंद्राने जानेवारी 2014 मध्ये हा निकाल सगळ्या खात्यांना कळवला. भीती काही कल्पनेतली नव्हती. जमिनीचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा तळेगाव दाभाडे इथे 13 जानेवारी 2010 ला भररस्त्यात खून झाला होता.

आता ऑनलाइनचे. आपल्याला वाटते नेट म्हणजे लपायला जागा. पण राज्याच्या पोर्टलवर नाव-पत्ता भरावाच लागतो, आणि दहा रुपये खात्यातून गेल्याची नोंद राहते ती वेगळीच. त्यापेक्षा कागदी अर्ज आणि दहाचा कोर्ट फी स्टॅम्प कमी बोलका! खोटं नाव टाकावं असं कोणी सुचवलं, ते मला पटलं नाही. माहिती नाकारली तर अपील त्याच नावाने करायचे असते. प्रकरण अमरावती खंडपीठापर्यंत गेलं तर तिथे उभं कोण राहणार?

मग मित्र म्हणाला, अर्ज थेट वाशिमला जिल्हा परिषदेत टाकतो. त्यातही मेख आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवतात, म्हणजे फिरून ग्रामपंचायतीतच, नावासकट. तिथले माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). संध्याकाळपर्यंत पारावर बातमी!

खरी निनावी सोय निराळीच निघाली. कलम 4 नुसार बरीच माहिती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने केलेला खर्च दिसतो, लॉगिन लागत नाही. लॅबमध्ये बसून दहा मिनिटांत नालीची रक्कम सापडली. पण सिव्हिलवाल्यांना माहीत आहे की रकमेवरून काही कळत नाही. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., पाहिजे. जाडी किती, लांबी किती, मोजली कोणी आणि केव्हा. ती काही नेटवर नव्हती. ती मागावीच लागते.

इथे पुन्हा कलम 3 वाचले. हक्क नागरिकाचा आहे, गावकऱ्याचा नाही. रिसोडच्या माणसाने मानोऱ्याच्या नालीबद्दल विचारलं तरी चालतं, आणि का विचारतोस असं त्याला कोणी म्हणू शकत नाही. त्या गावात मला कुत्रंही ओळखत नाही. म्हणून अर्ज मी माझ्या खऱ्या नावाने टाकला आहे. जोडपत्र 'अ', एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत (महाराष्ट्रात 2012 पासून हा नियम आहे), स्पीड पोस्टने. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाहीतर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

पत्ता होस्टेलचाच दिला आहे. तेव्हा रेक्टर सरांना विनंती, माझ्या नावाने जाड पाकीट आलं तर कृपया ऑफिसमध्ये सांभाळून ठेवावे.