दुसरी गोळी का दिली?

चिठ्ठीवर बीपीची दुसरी गोळी लिहिली की समोरच्याचा चेहरा पडतो. ‘म्हणजे आजार बळावला का, डॉक्टर?’ आणि लगेच, ‘त्यापेक्षा आहे त्याच गोळीची पॉवर वाढवा ना!’ तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हेच असणार, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

रक्तदाब चढवायला शरीराकडे अनेक वाटा आहेत. रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, हृदय जोर लावतं. एक वाट अडवली की शरीर दुसरीकडून जोर करतं. लघवीवाटे मीठ घालवणारी क्लोरथॅलिडोनसारखी गोळी सुरू केली की मूत्रपिंडं रेनिन नावाचं द्रव्य जास्त सोडतात आणि त्यातून रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तिथे हे आवळणं रोखणारं टेल्मिसार्टन कामाला येतं. ४२ चाचण्यांतल्या सुमारे अकरा हजार लोकांची आकडेवारी २००९मध्ये एकत्र तपासली गेली. एकाच औषधाचा डोस दुप्पट केल्यावर दाब आणखी जितका उतरतो, त्याच्या सुमारे पाचपट उतार दुसऱ्या गटातलं औषध जोडल्यावर मिळतो, असं त्यात दिसलं. भारतातल्या जवळपास दोन हजार रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. त्यात दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या दिल्या होत्या. तिन्ही सारख्याच उपयोगी पडल्या आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के लोकांचं बीपी १४०/९०च्या खाली आलं.

अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजले म्हणून गोळीच सोडून देणारे खूप जण भेटतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यावर उपाय आहे. या गोळीने रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैलावतात, पण परत नेणाऱ्या शिरा तितक्या सैलावत नाहीत. मग पाणी घोट्याशी साचतं. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल जोडलं की शिराही मोकळ्या होतात, सूज कमी होते आणि दाबही आणखी उतरतो. शिवाय अम्लोडिपिन दहाऐवजी पाच मिलिग्रॅमवर भागलं, तर मुळात सूजच कमी येते. त्यामुळे पाय सुजले तर मनाने गोळी बंद करू नका, दाखवायला या.

पण कुठलीही दोन औषधं एकत्र चालत नाहीत. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेलं आणि ‘सार्टन’ असलेलं औषध एकाच वेळी नको. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत, २००८ साली, जास्तीचा फायदा दिसला नाही, मूत्रपिंडांना त्रास मात्र वाढला. दोन डॉक्टरांची औषधं चालू असली की अशी जोडी नकळत पोटात जाते. स्ट्रिपवरचं मोठं नाव वेगळं असतं, म्हणून खालची बारीक अक्षरं वाचा आणि तपासणीला येताना सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही त्याच पिशवीत हवी. ‘सार्टन’, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंडांवर भारी पडतं, त्यातून उन्हाळ्यात जुलाब झाले असतील तर अधिकच. अशा वेळी त्याच दिवशी फोन करा. आणि घरात सूनबाईंना किंवा लेकीला बीपीची गोळी चालू असेल, मूल हवं असेल, तर आधीच सांगा. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गरोदरपणात चालत नाहीत, बदलून दुसरी देता येतात.